‘शंभर वर्षांतून एकदा’ : पुराचे गणित आणि महाड-पोलादपूरचा अनुभव

महाबळेश्वरच्या पठारावर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर उगम पावणारी सावित्री नदी सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूर तालुक्यात येते आणि तेथून महाडकडे वळते. महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी तिला मिळते. पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रास मिळते. भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते. पूर्वीच्या काळी गलबते भरतीवर येथवर येत असत. ही जी व्यापाराची सोय होती, तीच पावसाळ्यात अडचण ठरते. घाटावरून वेगाने उतरलेले पाणी आणि खाडीतून चढणारी भरती यांची गाठ महाड शहराच्या वेशीवर पडते.

या दोन तालुक्यांनी गेल्या काही वर्षांत जे सोसले ते सर्वज्ञात आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावी दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व अन्य वाहन यांतील सुमारे चाळीस प्रवाशांना जलसमाधी मिळाली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक जण गेले. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर पाण्याखाली गेले.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर सभांतून, वृत्तपत्रांतून व चावडीवर वाद झडतो. एक पक्ष म्हणतो, असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा होतो, त्यास कोण काय करणार? दुसरा पक्ष म्हणतो, पूल जुना होता, तो आधीच बंद करावयास हवा होता. दोन्ही विधानांत आकडा दडलेला आहे आणि तो आकडा नेमका काय सांगतो हे बहुधा कोणी तपासून पाहत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

पुनरावृत्तिकाल म्हणजे काय?

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही अभियंत्यांची परिभाषा आहे आणि ती दुर्दैवाने दिनदर्शिकेसारखी भासते. १९०५ नंतर २००५, २००५ नंतर २१०५, असा काही तिचा अर्थ नव्हे. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची संभाव्यता शंभरात एक, म्हणजे एक टक्का आहे, एवढेच ती सांगते. फासा टाकताना सहाचे दान मागच्या वेळी पडले होते की नाही हे फाशाला ठाऊक नसते. नदीचेही तसेच आहे. मोठा पूर येऊन गेल्यावर ‘आता आपल्या हयातीत पुन्हा नाही’ असे समाधान मानणाऱ्यास गणिताचा कोणताही आधार नाही.

एक टक्का हा आकडा लहान वाटतो, कारण तो एकाच वर्षाचा असतो. घर आणि पूल मात्र एका वर्षासाठी बांधले जात नाहीत. एका वर्षी असा पूर न येण्याची संभाव्यता ०.९९ आहे. सलग तीस वर्षे न येण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.९९ ला तीस वेळा गुणावे लागते. उत्तर सुमारे ०.७४ येते. म्हणजेच तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता २६ टक्के होते. शंभर वर्षांचा हिशेब केल्यास ती ६३ टक्के भरते; शंभर टक्के नव्हे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. सावित्रीचा जुना पूल ८८ वर्षे उभा होता. तेवढ्या काळात शंभर वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता ५९ टक्के आणि पन्नास वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची ८३ टक्के होते. दीर्घायुषी बांधकामाच्या आयुष्यात ‘असाधारण’ पूर येणे हीच साधारण गोष्ट ठरते.

हा हिशेब ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत येतो तो पूररेषांच्या रूपाने. आपल्या राज्यात नदीकाठी आखली जाणारी निळी रेषा सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेवर घर बांधून त्यात तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या उंबऱ्याशी त्या काळात निदान एकदा पाणी येण्याची संभाव्यता सुमारे ७१ टक्के आहे. लाल रेषेवर तीच २६ टक्के. घरबांधणीचा अर्ज घेऊन आलेल्या ग्रामस्थास ‘नियमात बसत नाही’ असे सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितले तर बरे. निदान नियम कशासाठी आहे हे त्यास उमगेल.

संकटे एकेकटी का येत नाहीत?

वरील हिशेबात एक गृहीत आहे. प्रत्येक वर्ष दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे त्यात मानले आहे. वर्षांच्या बाबतीत ते बव्हंशी चालून जाते. ठिकाणांच्या बाबतीत मात्र मुळीच चालत नाही. पोलादपूरचा ओढा, महाडची नदी आणि तळियेचा डोंगर यांवर पाऊस पाडणारे ढग एकच असतात. त्यामुळे अनेक वर्षे कोठेच काही घडत नाही, आणि एखाद्या दिवशी सर्वत्र एकदम घडते. २२ जुलै २०२१ चा दिवस याचे उदाहरण होय. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात चिपळूण बुडाले, महाड बुडाले, आणि डोंगरही तेव्हाच खचले.

प्रशासकीय दृष्ट्या याचा अर्थ मोठा आहे. एका तालुक्याची बोट, यंत्रसामग्री वा रुग्णवाहिका शेजारच्या तालुक्यास उपयोगी पडेल या हिशेबावर आखलेली योजना नेमकी ज्या दिवशी हवी त्या दिवशी अपुरी पडते, कारण शेजारचा तालुकाही त्याच दिवशी संकटात असतो. रस्ते खचलेले व दूरध्वनी बंद असतात ते निराळेच.

५९४ मिलिमीटर म्हणजे किती पाणी, हेही एकदा मांडून पाहावे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एवढा पाऊस पडला तर ते पाणी ५ लाख ९४ हजार घनमीटर, म्हणजे ५९ कोटी ४० लाख लिटर भरते. कोरडी जमीन त्यातील काही भाग शोषून घेते. पण जुलैअखेर तुडुंब भिजलेल्या डोंगरात शोषणाची शक्ती थोडीच उरते. सर्व पाणी वाहून गेले असे मानल्यास दर चौरस किलोमीटरमागे दर सेकंदास जवळजवळ सात घनमीटर प्रवाह चोवीस तास अखंड चालू राहतो. नदीस पाणी पुरविणारे क्षेत्र जेवढे चौरस किलोमीटर असेल तेवढ्या पटीने हा आकडा वाढवावयाचा. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गातील मुलासही हे गणित करता येईल.

जुना पूल आणि त्याचा न दिसणारा पाया

आता दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्याकडे वळू. पूल जुना होता म्हणून पडला, हे म्हणणे सोपे आहे आणि अपुरे आहे. महाड शहरातच २४ ऑगस्ट २०२० रोजी जेमतेम दशकभराची एक पाचमजली निवासी इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. तिचे वय कोणी जास्त म्हणणार नाही. उलट दगडी कमानीचे वैशिष्ट्य असे की तीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडास दाबून धरतो. दगडास दाब उत्तम सोसतो, त्यामुळे योग्य पायावरील कमान शतकानुशतके टिकते. मात्र पाया किंचित सरकला तरी दाबाची ती साखळी तुटते.

पूर येतो तेव्हा नदीतील खांबावर आदळलेले पाणी खाली वळते, खांबाच्या पायाशी भोवरे धरते आणि तळातील वाळू-गोटे उचलून नेते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ढकलू शकेल अशा दगडाचे वजन सैद्धांतिक दृष्ट्या चौसष्टपट होते. म्हणूनच उन्हाळ्यात जे धोंडे अढळ दिसतात ते श्रावणात गडगडत जातात. पायाशी पडणारा हा खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पाणी उतरू लागले की प्रवाह सोबत आणलेला गाळ तेथेच टाकतो आणि खड्डा पुन्हा भरून येतो. उन्हाळ्यात पाहणीसाठी गेलेल्या अधिकाऱ्यास सपाट तळ दिसतो. तो तळ भरीव आहे की भुसभुशीत भर आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

सावित्रीच्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि वाहतुकीस धोका आढळला नव्हता, असे दुर्घटनेनंतर शासनातर्फे सांगण्यात आले. पुढे चौकशी आयोगही नेमण्यात आला. त्या विशिष्ट घटनेचे कारण ठरविणे हे आयोगाचे काम. येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. सर्वसाधारण मुद्दा एवढाच की कठडे, भेगा, कमानीत उगवलेली झाडे आणि निखळलेला चुना यांची नोंद आवश्यक असली तरी ती पाण्यावरची तपासणी झाली. पाण्याखालची तपासणी निराळी असते. तीसाठी पाणबुडे, ध्वनिलहरींनी खोली मोजणारी यंत्रे, आणि निदान पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तळाचे छेद घेऊन त्यांची तुलना करण्याची शिस्त लागते.

तळ किती खोल खणला जाईल याचा अंदाज बांधण्याचे सूत्र भारतातच तयार झाले. पंजाबातील कालव्यांच्या निरीक्षणावरून जेराल्ड लेसी या अभियंत्याने १९३० साली आपला सिद्धांत मांडला, म्हणजे सावित्रीचा पूल बांधून झाल्यानंतर दोन वर्षांनी. त्याचे सूत्र आजही पुलांच्या आराखड्यात वापरले जाते. नदीच्या दर मीटर रुंदीमागे वाहणारे पाणी दुप्पट झाले तर खणण्याची सरासरी खोली सुमारे १.६ पट होते, आणि खांबाच्या नाकाशी ती या सरासरीच्या दुप्पट धरण्याचा प्रघात आहे. हे सूत्र वाळूमय, गाळाच्या नद्यांचे आहे. गोटे आणि कातळ असलेल्या कोकणी नद्यांना ते जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. अशा जागी खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेत प्रतिकृती करून पाहणे श्रेयस्कर होय. सावित्रीवरील नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला, ही गोष्ट कौतुकास्पद खरीच. परंतु ग्रामीण भागातील ओढ्यांवरच्या लहानसहान साकवांचे पाय कोण पाहतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

नोंदवहीचे मोल

शंभर वर्षांच्या पुराचा आकडा येतो कोठून? शंभर वर्षांच्या नोंदी फारच थोड्या ठिकाणी असतात. उपलब्ध नोंदींवरून तो अनुमानाने काढावा लागतो, आणि त्याची सर्वांत सोपी रीत शाळेत करून दाखविण्यासारखी आहे. प्रत्येक वर्षातील सर्वाधिक एकदिवसीय पाऊस घ्यावा आणि हे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावावेत. वर्षांच्या संख्येत एक मिळवून क्रमांकाने भागले की पुनरावृत्तिकाल मिळतो. ३९ वर्षांच्या नोंदी असतील तर पहिल्या क्रमांकाच्या पावसास ४० वर्षे, दुसऱ्यास २० वर्षे, तिसऱ्यास सुमारे १३ वर्षे.

आता चाळिसाव्या वर्षी पूर्वीच्या सर्वांहून मोठा पाऊस झाला असे समजा. नवा पाऊस ४१ वर्षांचा ठरतो आणि कालपर्यंत ४० वर्षांचा म्हणविणारा एकदम साडेवीस वर्षांवर येतो. नदी तीच आणि डोंगरही तोच, आपले ज्ञान तेवढे बदलले. पूररेषा एकदा आखून कायमची बंद करून ठेवण्याची वस्तू नाही ती यासाठी. त्यात हवामानच बदलत असेल तर जुन्या नोंदी पुढील काळाचे पुरेसे प्रमाण राहत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

व्यर्थ गेलेल्या रात्री

दरडीच्या बाबतीत सर्वांत कठीण प्रश्न गणितज्ञापुढे नसून सरपंचापुढे असतो. इशारा आला, वाडी रिकामी केली, माणसे शाळेत निजली, सकाळी डोंगर जागच्या जागी. असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी कोणी हलत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते आणि ती येथे चुकीच्या रीतीने लागू केली जाते. गोष्टीतील पोर खोटे बोलत होते. येथे इशारा देणारा खोटे बोलत नसतो.

केवळ उदाहरणादाखल असे मानू की इशाऱ्याच्या रात्री दरड कोसळण्याची संभाव्यता दोनशेत एक आहे आणि वाडी दरवर्षी पाच रात्री स्थलांतर करते. वीस वर्षांत शंभर रात्री होतात. या शंभर रात्रींत दरड एकदाही न येण्याची संभाव्यता सुमारे ६१ टक्के निघते. म्हणजे बहुधा शंभरही रात्री ‘व्यर्थ’ गेल्या असेच लोक म्हणतील. तरीही उरलेल्या ३९ टक्क्यांत अख्खी वाडी आहे. शंभर रात्रींचा खर्च म्हणजे पिठले-भात, सतरंज्या, गुरांची आबाळ आणि दुसऱ्या दिवशीचा बुडालेला रोज. यांतील गुरांची आबाळ हे लहान कारण समजू नये. पुष्कळ ठिकाणी पुरुष मंडळी गोठ्यासाठीच मागे राहतात. निवाऱ्याच्या जागेजवळ दावणीची सोय आणि बुडालेल्या रोजाची काही भरपाई या दोन गोष्टी योजनेत असतील तर पाचव्या वेळी माणसे हलण्याची शक्यता वाढते.

यादीत नाव नसणे हाही असाच गैरसमजाचा विषय होय. खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने सांगितले. यादीबाहेरील प्रत्येक वाडीचा धोका अल्प असेलही. परंतु सह्याद्रीच्या उतारावर अशा वाड्या शेकडो आहेत, आणि अल्प संभाव्यतेस मोठ्या संख्येने गुणले की ती अल्प राहत नाही. घरामागील उताराला नव्याने पडलेली भेग, एकाएकी गढूळ झालेला वा आटलेला झरा, कललेली झाडे, चौकटीत अडकू लागलेले दार या खुणा यादीवर अवलंबून नसतात. त्या दिसल्यास तलाठी वा पोलीस पाटील यांच्याकडे तारीख-वेळेसह लेखी कळवाव्यात. नदीकाठच्या गावांनी प्रत्येक पुराच्या पाण्याची उंची शाळेच्या वा मंदिराच्या भिंतीवर पक्क्या रंगाने खूण करून ठेवावी. तिच्याशेजारी वर्ष, दिवस, तास आणि त्या वेळी खाडीला भरती होती की ओहोटी हेही लिहावे.