डोळ्यांवर पट्टी बांधण्याआधी

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्या दिवशी बऱ्याच शाळांत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वर्गात चालायला लावतात. हेतू चांगला असतो, पण माझी विनंती आहे की हा खेळ बंद करा. पट्टी बांधलेल्या मुलाला फक्त पहिल्या पाच मिनिटांची भीती कळते. वर्षानुवर्षं पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं कौशल्य त्यातून कळत नाही. मुलं घरी नेतात ती कीव.

त्याऐवजी अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीलाच शाळेत बोलवा. नाशिकमध्ये हे अवघड नाही. सातपूरला अंधांसाठी काम करणाऱ्या नॅब या संस्थेचं महाराष्ट्राचं केंद्र आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली प्रबोधिनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा चालवते. स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधणाऱ्या आईच्या तळमळीतून ती उभी राहिली. पाहुण्यांना भाषण करायला लावू नका. त्यांच्यासोबत शाळेचं फाटक, जिना, शौचालय, पाण्याचा नळ असं सगळं फिरा. ते जिथे अडतील तिथे खडूने खूण करा. वर्षभराचा कार्यक्रम त्या खुणांतूनच ठरेल.

काही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर तिला उचलून नेणाऱ्या मित्रांचा सत्कार करण्यापेक्षा अख्खा वर्ग तळमजल्यावर आणा. वर्गात श्रवणयंत्र लावणारं मूल असेल तर शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, कारण मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचलं की अंध मुलाला ते वहीत घेता येतं.

सहल पांडवलेण्यांना ठरली की पायऱ्यांमुळे व्हीलचेअरवरचा मुलगा घरी राहतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून ठिकाण ठरवण्याआधी एका शिक्षकाने जाऊन पायऱ्या आणि शौचालय बघून यावं. बसमध्ये चढता येईल का, तेही आधीच विचारावं. जमत नसेल तर सगळ्या वर्गाचं ठिकाण बदलावं. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, पण त्याची कागदपत्रं शाळेतून आधी जावी लागतात. जानेवारीत धावपळ नको म्हणून नववीतच पालकांना घेऊन बसा.

शाळेनंतर नोकरीची वेळ येते, तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अडचण बहुतेक वेळा मुलाखतीच्या टेबलावरच सुरू होते. ‘हे कसं झालं?’ हा प्रश्न गिळा. ‘हे काम करताना तुम्हाला काय लागेल?’ एवढंच विचारा. कर्णबधिर उमेदवारासोबत दुभाषी आला असेल तर बोलताना उमेदवाराकडे बघा. धोक्याच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा बसवा, म्हणजे यंत्रावरच्या कर्णबधिर कामगारालाही तो कळेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावं लागतं. ते फाइलमध्ये न ठेवता फलकावर लावा. याच कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या आहेत आणि त्यांतल्या अनेक डोळ्यांना दिसत नाहीत. सिकलसेल असलेला, मानसिक आजाराशी झुंजणारा सहकारी ‘धडधाकट तर दिसतो’ या वाक्याने फार दुखावतो.

गल्लीत आणि गावात सुरुवात मापाच्या टेपने करा. रॅम्प साधारण १ ला १२ या उताराचा हवा, म्हणजे १ फूट उंची चढायला १२ फूट लांबी लागते. दवाखान्यासमोर, वाचनालयासमोर बांधलेले रॅम्प मोजून बघा. इतके उभे असतात की व्हीलचेअर मागे घसरेल, आणि पायथ्याशी दुचाक्या लावलेल्या असतात. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीचा हिशेब ग्रामसभेत मागा. तो कशावर खर्च करायचा हे गावातल्या दिव्यांगांनीच सांगावं, आणि त्यासाठी ग्रामसभा पायऱ्या नसलेल्या जागी घ्यावी.

सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं सुरू असताना नाशिककरांनी हे आत्ताच बोललं पाहिजे. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर धरायला कठडा असेल का? गर्दीत ध्वनिक्षेपकावरून दिलेल्या सूचना कर्णबधिर भाविकाला लेखी दिसतील का? तात्पुरत्या शौचालयाचं दार व्हीलचेअर आत जाण्याइतकं, निदान तीन फूट रुंद असेल का? हे प्रश्न आपल्या नगरसेवकाला लेखी द्या, अर्जावर प्रभागातल्या दिव्यांगांच्या सह्या आधी घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.