जुने डबे, नवी इंजिने

बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली, म्हणून आपण सारी गाडी मोडीत काढतो का? नाही. आधी साटा पाहतो, आख तपासतो. लाकूड घट्ट असेल तर नवी धाव चढवतो आणि गाडी पुन्हा जुंपतो. इंग्लंड देशात काही आगगाड्यांचेही असेच झाले. ती हकिगत आज आपण वाचू.

लंडन शहरात जमिनीखालून गाड्या धावतात. त्या विजेवर चालतात. त्यांतल्या काही गाड्या १९८० च्या सुमारास बांधल्या होत्या. २०१७ पर्यंत त्यांच्या जागी नव्या गाड्या आल्या. मग जुन्यांचे काय करायचे? त्यांचे डबे ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही. डबे अजून भक्कम होते. व्हिव्हारेल नावाच्या कंपनीने ते विकत घेतले.

पण लहान गावांच्या रेल्वेमार्गावर वीज कुठली? म्हणून कंपनीने डब्यांच्या पोटाखाली डिझेल इंजिने बसवली. हे इंजिन स्वतः चाक फिरवत नाही. ते वीज तयार करते. त्या विजेवर मोटार चालते आणि मोटार चाक फिरवते. गाडीला पुढे वेगळे इंजिन जोडावे लागत नाही.

काम सोपे नव्हते. २०१६ च्या डिसेंबरात चाचणी चालू असताना एका गाडीला आग लागली. कंपनीने दोष शोधला व तो दूर केला. २०१९ साली बेडफर्ड ते ब्लेचली या मार्गावर या गाड्या धावू लागल्या.

पुढे काय झाले? २०२२ च्या अखेरीस कंपनीच बुडाली. आता गाड्यांची देखभाल कोण करणार? त्या मार्गावरच्या गाड्या बंद पडल्या. उतारूंना कित्येक महिने बसने जावे लागले. मात्र २०२३ साली वेल्समधील रेक्सम येथून अशाच सुधारलेल्या गाड्या सुरू झाल्या. त्यांत डिझेलच्या जोडीला बॅटरीही आहे.

यातून आपण काय घ्यावे? विहिरीवरचे जुने इंजिन दुरुस्त करून घेताना आपणही दोन प्रश्न विचारू. पहिला, मूळ सांगाडा घट्ट आहे ना? दुसरा, उद्या पुन्हा बिघडले तर सुटे भाग कुठे मिळतील, आणि ते बसवणार कोण? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा विसरला, तर ऐन हंगामात पीक वाळते.