लग्नमंदिरातील फुले
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

वाचन: १ राजे ६:१८-३५; योहान २:१-११; याकोब २:१-४
मननासाठी: मत्तय ६:२८-३०



लग्नाचा मोसम आला की आपल्या मंडळ्यांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. मंदिर सजवावे की नाही, आणि सजवावे तर किती? काही वडीलधारे म्हणतात, उपासनेच्या जागी फुलांचा थाट कशाला? तरुण म्हणतात, आयुष्यात एकदाच येणारा दिवस, हात का आखडावा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आपापली आवडनिवड क्षणभर बाजूला ठेवून पवित्र शास्त्र काय शिकवते ते पाहू.

१. फुले देवाला परकी नाहीत

निवासमंडपातील सोन्याच्या दीपवृक्षाला बदामाच्या फुलांसारख्या वाट्या असाव्यात, अशी देवाने मोशेला आज्ञा केली (निर्गम २५:३१-३६). शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा गंधसरूच्या लाकडावर उमललेली फुले कोरवून घेतली, आणि द्वारमंडपाच्या स्तंभांचे माथेही फुलांच्या घाटाचे केले (१ राजे ७:१९). तेव्हा देवाच्या घरात फुले नकोत असे म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. दीपवृक्षावरील फुलांचे काम दिवा धरण्याचे होते, दिवा झाकण्याचे नव्हते. हीच आपली पहिली कसोटी.

प्रभु येशूने रानातील भूकमळांकडे बोट दाखविले. पावसाळ्यानंतर गालीलाच्या डोंगरउतारावर उमलणारी ती फुले कोणी विकत घेत नसे, आणि सुकल्यावर ती गवताबरोबर चुलीत जात. तरीही त्यांच्यापुढे शलमोनाचे वैभव फिके, असे प्रभु म्हणतो. सौंदर्याची किंमत पैशाने ठरत नाही, ही दुसरी कसोटी. ज्यांना महाराष्ट्राने 'फुलामुलांचे कवी' म्हणून गौरविले, ते रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आपल्याच ख्रिस्ती समाजाचे होते. फुलांवर प्रेम करणे हा आपला वारसा आहे.

२. काना गावचे लग्न

काना येथे द्राक्षारस संपला. यजमानाची सर्वांसमक्ष नाचक्की व्हायची वेळ आली. तेथे सहा दगडी रांजण होते. आजच्या मापाने प्रत्येकात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावे. प्रभूने भरभरून दिले, कंजुषी केली नाही. लग्नाच्या आनंदात हात आखडणे हीच भक्ती, असे मानणाऱ्यांनी हे वाचावे.

पण प्रभूने दिले कसे, तेही पाहा. भोजनकारभाऱ्याला द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक नव्हते. ते पाणी काढणाऱ्या चाकरांना तेवढे ठाऊक होते (योहान २:९). एका घराची अब्रू राखली गेली आणि उपकाराचा बोभाटा झाला नाही.

३. आमच्या मंदिरातील दोन लग्ने

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंदिरात एका शनिवारी एक थाटाचे लग्न झाले. सजावटवाल्याने परगावाहून ट्रकभर फुले आणली. कमानी उभारल्या. वेदीमागे झालरीचा पडदा असा ताणला की भिंतीवरचा क्रूसही झाकला गेला. परवानगी देणाऱ्या कमिटीत मी होतो. क्रूस झाकलेला मी पाहिला आणि गप्प बसलो.

सोमवारी त्याच मंदिरात दुसरे लग्न होते. मुलीचे वडील हयात नव्हते, आई घरोघरी स्वयंपाक करी. त्या दिवशी वचनवाचन माझ्याकडे असल्यामुळे मी लवकर गेलो. आत बाकांना चिकटपट्टीचे तुकडे लटकत होते. मागच्या अंगणात शनिवारच्या फुलांचा ढीग पडला होता, आणि मुलीची आई त्या ढिगातून निशिगंधाच्या बऱ्या काड्या निवडत होती. मला पाहताच तिने पदराखाली हात लपविला.

सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बैस म्हणणे, हे याकोबाचे वचन मी कितीदा शिकविले होते! आम्ही बसायची जागा सर्वांना सारखी दिली होती, पण मंदिराचे रूप मात्र ऐपतीप्रमाणे बदलू दिले. थाटाचे लग्न करणाऱ्या कुटुंबाने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. दोष आम्हा कारभाऱ्यांचा होता.

पुढच्याच सभेत हा विषय निघाला. ठरले असे की मंदिरातील फुले मंडळीची असावीत आणि ती प्रत्येक लग्नाला सारखीच असावीत. मंडळीने पितळेची चार फुलपात्रे घेतली. मांडणी स्त्रीमंडळ करते. ज्याला शक्य असेल तो फुलांच्या पेटीत गुप्तपणे दान टाकतो. कोणाचे किती, हे खजिनदाराशिवाय कोणास कळत नाही. हॉलमध्ये ज्याने त्याने हवी ती सजावट करावी. एकदोन घरे नाराज झाली, हेही खरे. पण तो ठराव आजवर टिकला आहे.

४. साधी व शोभिवंत मांडणी

(अ) रंग. पांढरा व हिरवा यांची जोडी मंदिरात सर्वांत शोभते. राणी व्हिक्टोरियाने १८४० साली लग्नात पांढरा पोशाख व संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला, तेव्हापासून पांढऱ्याची चाल फार पसरली. आपल्याला संत्र्याची फुले शोधण्याचे कारण नाही. निशिगंध बहुतेक वर्षभर मिळतो, थंडीत शेवंती व ग्लॅडिओलस, उन्हाळ्यात मोगरा. अंधुक उजेडात गडद लाल फूल शेवटच्या बाकावरून काळपट दिसते, पांढरे मात्र उठून दिसते.

(आ) जागा. प्रभुभोजनाचा मेज म्हणजे फुलदाणीचे स्टूल नव्हे. त्याच्या दोन्ही बाजूंना उंच तिवईवर एकेक मोठे फुलपात्र पुरे. जमिनीवरची फुले लोक उभे राहिल्यावर कोणास दिसत नाहीत, म्हणून फुले खांद्याच्या उंचीला असावीत. क्रूस, उपदेशपीठ आणि वधूवरांचे चेहरे कशानेही झाकू नयेत. बाकांना एक सोडून एक लहान गुच्छ फितीने बांधावा, खिळा ठोकू नये. मधल्या वाटेत वधू व तिचा हात धरणारा शेजारी शेजारी चालू शकतील एवढी जागा मोकळी ठेवावी.

(इ) निगा. निशिगंधाची काडी खालून वर उमलते, म्हणून खालच्या दोनतीन कळ्या उघडलेल्या काड्या घ्याव्यात. सुवासासाठी एकेरी जात, गुच्छासाठी दुहेरी. आदल्या संध्याकाळी देठ तिरपे कापून, पाण्यात बुडतील ती पाने काढून, फुले रात्रभर बादलीत गार जागी ठेवावीत. फुलपात्राच्या तळाशी वाळू घातली की ते कलंडत नाही. गुच्छ खोचण्याचा हिरवा स्पंज प्लास्टिकचा असतो, तो कुजत नाही. त्याऐवजी तारेच्या जाळीचा गोळा वापरावा. मेणबत्ती फुलांपासून हातभर दूर असावी, आणि फुले पंख्याच्या थेट खाली नसावीत.

(ई) नंतर. विधी संपल्यावर फुले उकिरड्यावर जाऊ नयेत. उरलेली ताजी फुले आजारी व वृद्ध सभासदांच्या घरी पोचवावीत. हे काम तरुण संघाने घ्यावे.

५. समारोप

गवत सुकते, फूल कोमेजते, देवाचे वचन मात्र सर्वकाळ टिकते, असे यशया सांगतो (४०:८). त्या सोमवारी मी वाचन केले, पण त्या आईच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. आता कोणत्याही घरची मुलगी आमच्या मंदिराच्या दारातून आत येते, तेव्हा समोर तीच पितळेची फुलपात्रे आणि तीच पांढरी फुले असतात. ती ऐपतवाल्याची लेक की मोलकरणीची, हे फुलांवरून कोणाला ओळखता येत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंदिरातील सजावटीमुळे कोणा कुटुंबाला कमीपणा वाटला आहे काय? आपण त्यांना कधी विचारले काय?
२. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या सभासदाला मंडळी कोणत्या प्रकारे आधार देऊ शकेल?
३. कानाच्या लग्नातील चाकरांप्रमाणे गुप्तपणे करता येईल अशी एक सेवा निवडा व ती महिन्याभरात करा.

प्रार्थना: हे प्रभो, तू कानाच्या लग्नाला आलास, तसा आमच्याही लग्नांना ये. आमच्या फुलांनी तुझा क्रूस झाकू नये आणि तुझ्या लेकरांपैकी कोणालाही लाजवू नये, असे कर. आमेन.