गाडीच्या सायलेन्सरमधून धूर येतोय? आधी रंग ओळखा, मग गॅरेज गाठा



डोंबिवलीहून शिळफाट्याकडे जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलं की पुढच्या गाडीचा धूर थेट आपल्या नाकात येतो. आपण काच वर करतो आणि मनातल्या मनात त्या गाडीवाल्याला दोन शब्द ऐकवतो. दोन वर्षांपूर्वी तो गाडीवाला मीच होतो!

माझी जुनी पेट्रोल गाडी सुरू केली की निळसर धूर निघायचा. शाळेच्या गेटवर तिसरीतल्या एका मुलाने नाकाला रुमाल लावून विचारलं, "सर, तुमची गाडी आजारी आहे का?" परिसर अभ्यासात हवेचं प्रदूषण शिकवणारा मी, काय उत्तर देणार? आपल्या नाकापेक्षा लहान मुलांचं नाक सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं, हे त्या दिवशी लक्षात आलं.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, "रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल." महिन्याचा पगार जाईल एवढा खर्च होता. मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी डिपस्टिक काढली. ऑईल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं, म्हणजे सर्व्हिसिंगला जास्त भरलं गेलं होतं. त्यांनी जादा ऑईल काढलं, ब्रीदरची नळी साफ केली. आठ-दहा दिवसांत धूर बंद! म्हणूनच आजचा हा पाठ.

धूर का येतो?

इंधनात कार्बन आणि हायड्रोजन असतात. ते हवेतल्या ऑक्सिजनबरोबर नीट जळले की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. म्हणून थंडीत सकाळी दिसणारा पातळ पांढरा धूर म्हणजे वाफच असते. गाडी गरम झाली की तो जातो. त्याला घाबरू नका.

धुराचे तीन रंग

१) काळा धूर : इंधन जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो. फिल्टर स्वच्छ असेल तर इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह आणि टर्बोची फुटलेली नळी हीही कारणं असतात.

२) निळा धूर : इंजिन ऑईल जळतंय. रात्रभर उभी गाडी सुरू करताना एकदाच भपकारा येत असेल तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. चढावर किंवा वेग घेताना सतत येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या असाव्यात. टर्बो गाडीत टर्बोचं सीलही गेलेलं असू शकतं. पण इंजिन खोलण्याआधी ऑईलची पातळी बघा आणि कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा.

३) दाट पांढरा धूर : गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही, गोडसर वास येतो, कूलंट कमी होत जातं. मग कूलंट इंजिनच्या आत जळतंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. अशी गाडी चालवत घरी आणू नका, टो करून न्या. इंजिन तापून हेड वाकलं तर खर्च कितीतरी वाढतो. डिझेल गाडीत मात्र न जळलेल्या इंधनाचाही पांढरा धूर येतो, तेव्हा ग्लो प्लग आणि इंजेक्टर तपासा.

घरी काय तपासाल?

- गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. ऑईल दोन खुणांच्या मधे हवं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी सुरू करू नका.
- कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.
- धूर केव्हा येतो ते वहीत लिहा: सुरू करताना, सिग्नलवर की चढावर? मेकॅनिकचं निम्मं काम तिथेच होतं.
- बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो.

आपल्या भागासाठी खास सूचना

२६ जुलै २००५ चा पूर कल्याण-बदलापूरकर विसरलेले नाहीत. पार्किंगमध्ये पाणी शिरून गाडी बुडाली असेल तर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मेकॅनिकला बोलवा.

बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज फक्त घर ते स्टेशन अशी चालवली तर तो चोंदतो. दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगात थोडा वेळ चालवा.

धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक?

नाही. म्हणूनच पीयूसी आहे. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीत धुराची दाटी. नवीन गाडीला पहिल्या वर्षानंतर पीयूसी लागते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नंबर एमएच-०४ असो की एमएच-०५, नियम सारखाच. पण गाडी खरोखर मशीनला लावूनच सर्टिफिकेट घ्या. नुसत्या कागदाने हवा स्वच्छ होत नाही.

स्वाध्याय : उद्या सकाळी गाडी सुरू केल्यावर एक मिनिट मागे जाऊन उभे राहा. धूर आहे का? असल्यास रंग कोणता? गाडी गरम झाल्यावर पुन्हा बघा आणि वहीत नोंद करा.

माझी गाडी आता "बरी" आहे, असं त्या मुलाला सांगितलं. तो मागे जाऊन स्वतः बघून आला, मगच त्याला पटलं. तुम्हीही तसंच करा.