मानवी हक्कांचा मॉनिटर कोण? (१० डिसेंबरच्या तासासाठी)



१० डिसेंबरला शाळेत मानवी हक्क दिन होतो. फलकलेखन, प्रतिज्ञा, झालं! पण सातवीतली मुलं हमखास विचारतात, "सर, हक्क पाळतात की नाही हे बघतं कोण? आणि बघणाराच पाळत नसेल तर?" या प्रश्नाला बगल देऊ नका. जगानेच तो अनुभवलाय.

२००३ साल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाचं अध्यक्षपद फिरतं असे, त्या वर्षी पाळी आफ्रिकेची होती. आफ्रिकी गटाने नाव दिलं लिबियाचं, म्हणजे जिथे गद्दाफींची राजवट आणि राजकीय पक्षांना बंदी! अमेरिकेने मतदान मागितलं. ३३ मतं बाजूने, ३ विरोधात, १७ तटस्थ. लिबिया अध्यक्ष झाला. आयोगाची पत आधीच घसरली होती, ती आणखी गेली. २००६ मध्ये आयोग बंद करून ४७ देशांची मानवी हक्क परिषद आली. (याच आयोगात जाहीरनाम्याचा मसुदा होताना आपल्या हंसा मेहता यांनी 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असा बदल सुचवला होता, हे मुलींना जरूर सांगा.)

नव्या परिषदेत गुप्त मतदान आलं. हक्कांचं गंभीर उल्लंघन करणाऱ्या सदस्याला दोन तृतीयांश मतांनी निलंबित करण्याची सोयही आली. गंमत बघा, २०१० मध्ये लिबिया पुन्हा निवडून आला आणि मार्च २०११ मध्ये निलंबित होणारा पहिला देशही तोच ठरला. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनवरील हल्ल्यानंतर रशिया निलंबित झाला: ९३ बाजूने, २४ विरोधात, ५८ तटस्थ. भारत तटस्थ होता.

इथे गणित घ्या. १७५ चे दोन तृतीयांश ११६ च्या वर जातात, मग ९३ मतं कशी पुरली? कारण तटस्थ मतं मोजत नाहीत. ९३ अधिक २४ म्हणजे ११७, त्याचे दोन तृतीयांश ७८. मुलांना हे फार आवडतं. तटस्थ राहणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ती स्वतःच काढतात. उत्तर तुम्ही देऊ नका, बोलू द्या.

पळवाट मात्र अजून आहे. अनेकदा प्रादेशिक गट जागा तितकेच उमेदवार देतात, मग निवड कसली? २०२० मध्ये आशियाच्या ४ जागांना ५ उमेदवार होते, म्हणून सौदी अरेबिया ९० मतांवर पडला. चीन १३९ मतांनी आला. बाकी गटांत चुरसच नव्हती.

मग वाईट नोंद असलेल्यांना बाहेरच ठेवावं का? मला तसं वाटत नाही, कारण ते कोण ठरवणार? सदस्य असो वा नसो, परिषद प्रत्येक देशाचा ठरावीक वर्षांनी आढावा घेते, भारताचाही. पण जागेपेक्षा उमेदवार जास्त हवेत, एवढं नक्की. आपल्या वर्गाचा मॉनिटर निवडताना किती जण उभे राहतात, तेवढं त्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवा.