पाखाडी उतरायची असेल तर

माझी डावी बाजू गेली तेव्हा मी सत्तरीला टेकलो होतो. रत्नागिरीत उपचार झाले, जीव वाचला. घरी आलो तर भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगे, "काका, मोठ्या शहरात मशीन आहे, त्यावर उभं केलं की माणूस चालायला लागतो." मुलाने चौकशी केली आणि आंबा घाट ओलांडून आम्ही एका केंद्रात गेलो. पॅकेजचे पैसे आगाऊ भरले.

मशीन खोटं नाही. कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळतात, ते वरच्या आकड्यात अडकवतात आणि अंगाचा थोडा भार यंत्र घेतं. खालची ट्रेडमिल सरकू लागली की पाय मागे जातो. अधू पाय पुढे टाकायला एक मुलगी स्टुलावर बसून घोटा धरते. पहिल्यांदा तसा चाललो तेव्हा मला रडू आवरलं नाही.

पण आमचं घर पावसजवळच्या वाडीत, रस्त्यापासून जांभ्याची पाखाडी उतरून. एक पायरी वीतभर, दुसरी दीड वीत, पावसाळ्यात वर शेवाळ. यंत्रावर जमीन सपाट, वेग ठरलेला आणि तोल पट्ट्याने धरलेला. घरी परतल्यावर न्हाणीच्या उंबऱ्याला डावा चवडा अडकला आणि मी पडलो, मनगट मोडलं. उंबरा ओलांडायला, खुर्चीतून उठायला, जागच्या जागी वळायला त्या केंद्रात कुणी शिकवलंच नव्हतं.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या भाचीने मग मला अमेरिकेतल्या 'लीप्स' अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघाताचे ४०८ रुग्ण होते. एका गटाला झटक्यानंतर दोन महिन्यांनी, दुसऱ्याला सहा महिन्यांनी अशा ट्रेडमिलवर चालवलं. तिसऱ्याला घरीच फिजिओथेरपिस्टने ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेर ५२ टक्के रुग्णांची चाल सुधारली होती, आणि तिन्ही गटांत त्यात लक्षणीय फरक नव्हता. उलट जास्त अधू असलेल्यांना लवकर यंत्रावर घातलं, तर त्यांचं वारंवार पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात असं आलं: जे आधीच चालतात त्यांचा वेग आणि दम यंत्राने वाढू शकतो, पण न चालणारा त्यामुळे आधाराविना चालू लागण्याची शक्यता वाढत नाही.

माझं खरं काम घरीच झालं. फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊन खुर्चीतून उठबस, ओटीच्या पायरीवर चढउतार आणि उंबरा ओलांडणं करून घेत. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना अधू पाय आधी. सोबतीने अधू बाजूला उभं राहायचं, पण लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, त्याने खांदा निखळू शकतो. पाखाडीला आम्ही लोखंडी कठडा बसवला. न्हाणीत धरायला दांडी लावली. व्यायाम नीट चालू असला तरी बीपीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि सहा महिने उलटले म्हणजे सुधारणा संपली, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. 'लीप्स' अभ्यासात सहा महिन्यांनी सुरुवात केलेलेही मागे राहिले नाहीत.

केंद्रात पैसे भरण्याआधी घरच्या पायऱ्यांचे आणि न्हाणीचे फोटो दाखवा आणि विचारा, इथे चालायला कसं शिकवणार? उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका.