मोगरी सागाची की बाभळीची?

प्रश्न : शेतातली बाभूळ पडली आहे. पटाशीवर मारायला तिची मोगरी करावी, की सागाची? (एक वाचक, जि. हिंगोली)

उत्तर : बाभळीचीच करा. मोगरीचे काम वजनाचे आहे, देखणेपणाचे नाही. १५ × ९ × ६.५ सेंटिमीटरचे डोके वाळल्या बाभळीत साधारण ७०० ग्रॅम भरते, सागात पावणेसहाशेच्या आसपास. शिवाय बाभळीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ठोक्याने ती सहजी फाटत नाही. बैलगाडीच्या चाकाला आपल्याकडे तीच का लागे, ते यातच आले. इतक्या कठीण लाकडाने पटाशीची मूठ फुटेल, ही शंका रास्त आहे. पण मूठ फोडते ते लोखंड. लाकडावर लाकूड थोडे दबते आणि धक्का पसरतो. खरी अडचण ओलेपणाची आहे. ओल्या ओंडक्याचे डोके काढाल तर उन्हाळ्यात तडकेल. म्हणून गाभ्याची मधली रेघ टाळून, साल काढून तुकडा चिरा, दोन्ही टोकांना रंग फासा आणि सावलीत वाळवा, वर्षभर तरी.

आता दांडा. पाचर ठोकायची सवय इथे सोडा. भोक वर रुंद, खाली अरुंद ठेवा, दोन्ही बाजूंनी पटाशीने कोरत मध्यावर आणा आणि निमुळता दांडा कुदळीसारखा वरून घाला. दर फटक्याला डोके बाहेर ओढले जाते आणि रुंद टोकावर अधिकच घट्ट बसते. दांड्याला मात्र वाळके, सरळ तंतूंचे लाकूडच घ्या. तिथे साग चालेल.